उसाच्या कडेला घर आणि घरात मांजरं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याहून ओतूरजवळ मळ्यातल्या घरात राहायला आलात. तीन मांजरं बरोबर आणलीत. घराच्या तीन बाजूंना ऊस. आठ दिवसांपूर्वी त्यातला बोका रात्री गेला तो आलाच नाही. सकाळी विहिरीकडच्या ओल्या मातीत तळहाताएवढा ठसा दिसला, नखांच्या खुणा नव्हत्या. शेजारचे बाबा म्हणाले, "वाघाने नेलं." आता तुम्ही विचारताय की वनखात्याकडून त्याला पकडायचा पिंजरा मागवावा का, रात्रभर दिवे ठेवावेत का, गळ्यात घुंगरू बांधावं का, की उरलेल्या दोघी सरळ पुण्याला बहिणीकडे पाठवाव्यात.

पाठवायची गरज नाही. घुंगरू नको. पिंजऱ्याच्या मागे लागू नका. दिवे लावा, पण त्यांच्यावर विसंबू नका. मांजरांचं संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आधी, घरात, दार लावून. मला सांगायचंय ते एवढंच. हे का आणि कसं जमवायचं, ते पुढे लिहितो.

मी जुन्नर तालुक्यात २२ वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. कामाचा मोठा भाग गाई-म्हशींचा: अडलेली गाय, कासदाह, पोटफुगी. पहिली काही वर्षं माझ्याकडे मांजर घेऊन कुणी येत नसे. एक गेलं तर गोठ्यात दुसरं तयार असायचं. आता टोमॅटोच्या कॅरेटमध्ये मांजर बसवतात, वर दुसरं कॅरेट उलटं घालतात, सुतळीने आवळतात आणि मोटारसायकलवर मांडीवर धरून आणतात. मला ते कॅरेट दुकानातल्या महागड्या पिंजऱ्यापेक्षा आवडतं. हवा खेळते, आतलं मांजर दिसतं, पाण्याने धुता येतं आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारामुळे इकडे घरोघर पडलेलं असतं. तुम्हीही दोन मिळवून ठेवा, कधी लागतील सांगता येत नाही.

तर नेलं कुणी? इकडे "वाघ" म्हणजे बिबट्या, आणि मांजर गेलं की नाव त्याचंच. तुमच्या वर्णनावरून ठसा बिबट्याचाच वाटतो. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके उमटतात. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून ते दिसत नाहीत. बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटीमीटर रुंद असतो, काडेपेटी आडवी ठेवली तर तिच्या बाहेर जातो. रानमांजराचा तिच्याखाली झाकला जातो. पुढच्या वेळी ठसा दिसला तर काडेपेटी शेजारी ठेवून फोटो काढा. पण त्या ठशावरून बिबट्या विहिरीकडून गेला एवढंच कळतं, तुमचा बोका त्याच्या तोंडात होता हे नाही.

मागे काय उरतं त्यावरून मी अंदाज बांधतो. कुत्र्यांनी मारलेलं मांजर बहुतेक वेळा जागेवरच सापडतं. झिंजाडलेलं, केस लाळेने चिकटलेले, खाल्लेलं नाही. कोल्ह्याने धरलं तर शेपूट, केसांचा पुंजका, काहीतरी उरतं. बिबट्या तीन-चार किलोचं मांजर उचलतो आणि उसात शिरतो, मागे काहीच ठेवत नाही. अजगरही ठेवत नाही, पण तो कोकणातला प्रश्न जास्त. आणि खरं सांगू का, माझ्या टेबलावर जी फाटलेली मांजरं येतात त्यातली बहुतेक गावातल्या मोकाट कुत्र्यांची असतात. बिबट्याची केस माझ्यापर्यंत सहसा येतच नाही, कारण आणायला काही शिल्लक नसतं. म्हणजे मला चित्र एकाच बाजूने दिसतं, हेही लक्षात घ्या.

दुसरी बाजू संशोधकांनी बघितली आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या डोंगरापलीकडच्या अकोले भागात, म्हणजे अशाच ऊस-भाजीपाल्याच्या पट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यातलं ८७ टक्के पाळीव जनावरांचं निघालं, त्यात ३९ टक्के एकटी कुत्री. खरी मेख पुढे आहे. त्या भागात शेळ्या आणि गाई भरपूर, तरी बिबट्या त्यांच्या मानाने कुत्री आणि मांजरं जास्त खात होता. मोठी शिकार सोडून मांजरामागे का लागावं? शेळी अंधार पडायच्या आत कोंडली जाते. गाय गोठ्यात बांधलेली असते, शेजारी माणूस खाटेवर झोपलेला असतो. मांजराला मात्र आपण रात्री दार उघडून बाहेर सोडतो, "जा, उंदीर धर" म्हणून. माझ्या मते कारण एवढंच आहे. बिबट्याला मांजर विशेष आवडतं असं नाही, ते मोकळं सापडतं. त्यातून आईपासून नुकताच सुटा झालेला बच्चा असेल तर त्याच्या ताकदीत बसणारी शिकार ससा, कोंबडी, मांजर हीच.

मांजरामागे तो किती बेभान होतो त्याचा एक नमुना अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. २०२१ मध्ये सिन्नर तालुक्यात मांजराचा पाठलाग करता करता बिबट्या आणि मांजर दोघंही एकाच विहिरीत पडले. आत दोघं समोरासमोर, वर अख्खं गाव. वनखात्याने बिबट्याला बाहेर काढलं. लोकांना त्याची मौज वाटली. मला ती विहिरीची उघडी तोंडं दिसली. तुमच्या विहिरीला कठडा नसेल तर जाळी टाका. मांजरासाठी नाही, सगळ्यांसाठीच.

आता पिंजरा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही, आणि मांजर गेलं म्हणून कुणी परवानगी देणार नाही. देऊही नये. जुन्नर विभागाने हा धडा फार महाग शिकला आहे. २००१ नंतर इथले बिबटे पकडून लांब नेऊन सोडायचा सपाटा लागला. त्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले व्हायचे, त्यानंतर ते सतरावर गेले. जागा ओळखणारं जनावर उचललं की त्या जागी नवखं येतं. ते बावरलेलं असतं आणि त्याला कुठलं घर कुणाचं, कुत्रं कुठे बांधलेलं, काही ठाऊक नसतं. तुमच्या विहिरीकडून जाणारा बिबट्या कदाचित तीन वर्षं तिथून जात असेल आणि तुमच्या शेजारच्या बाबांना तो माहीत असेल. विचारून बघा, बहुतेक सांगतील.

मुळात तो इथे आलाच का, असंही लोक चिडून विचारतात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत गारवा असतो, पाणी असतं, माणूस शिरत नाही. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? इथे जन्मलेल्या बिबट्याला डोंगरातलं जंगल हे परकं गाव आहे. त्याचं घर तुमच्या कुंपणापासून पन्नास पावलांवर आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

जेवणाकडे येतो. बाहेर हिंडायची सवय असलेलं मांजर तुम्ही एकदम कोंडलंत तर ते दोन रात्री ओरडेल, तिसऱ्या रात्री तुम्ही दार उघडाल. असं नको. आधी दिवसभर भरलेली ताटली उचला. सकाळी थोडं खायला घाला, मोठं जेवण संध्याकाळी, आणि ते फक्त घराच्या आत. वाढायच्या आधी रोज एकच आवाज करा. स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवा, तुम्हाला जमेल ते, पण तोच. वर चिमूटभर सुकट. चिमूटभरच, ती खारट असते. दूध देऊ नका, मोठ्या झालेल्या मांजरांपैकी अनेकांना त्याने हगवण लागते. मांजर खायला लागलं की मागचं-पुढचं दार लावा. साधारण दोन आठवड्यांत ती डब्याच्या आवाजाला उसातून पळत येतात. इकडच्या वस्त्यांवर मी हे कित्येक घरांत बघितलंय. उनाड बोक्यांना वेळ लागतो, माद्या लवकर शिकतात.

वेळ मात्र घड्याळाची धरू नका, सूर्याची धरा. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. "आम्ही रोज सातला घालतो" म्हणणाऱ्यांची मांजरं थंडीत जातात, कारण थंडीत सातला मिट्ट काळोख असतो. सूर्य टेकायच्या अर्धा तास आधी डबा वाजला पाहिजे.

सकाळची एक चोरवाट आहे, ती कुणाच्या लक्षात येत नाही. पहाटे पाचला धारा काढायला दार उघडतं. माणूस डोळे चोळत, हातात बादली घेऊन निघतो आणि मांजर त्याच्या पायांतून सटकतं. ती वेळ बिबट्याची परत उसात शिरायची असते. तुमच्याकडे गाई नाहीत, पण पहाटे पाण्याची मोटर चालू करायला कुणीतरी उठतच असेल. म्हणून रात्री मांजरांना स्वयंपाकघरात ठेवा आणि त्या खोलीचं दार चांगलं उजाडल्यावर, ऊन अंगणात आल्यावर उघडा. बाहेरच्या दाराला आतून आणखी एक दार असेल तर अर्धी कटकट मिटते.

आत ठेवायचं तर हगायचं कुठे, हा पुढचा प्रश्न येतोच. घमेलं घ्या, त्यात बोटभर उंचीची चाळलेली वाळू. रोज सकाळी खडे उचलून टाका, आठवड्याने वाळू बदला. दोन मांजरांना दोन घमेली, आणि ती जेवणाच्या जागेपासून लांब. कोपऱ्यात ठेवा, कुणाची ये-जा नसेल तिथे. लाकडाचा भुसा चालतो, फक्त घरभर उडतो. घरात गर्भार बाई असेल तर घमेलं साफ करायचं काम तिने करू नये, दुसऱ्याने करावं. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो.

दिवसाचं काय? दिवसा त्यांना हिंडू द्या, असं मी म्हणेन. शहरातले माझे मित्र म्हणतील की मांजर कायम घरातच हवं, आणि आयुष्याच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. पण मळ्यातल्या घरात दारं दिवसभर उघडी असतात, न पाळला जाणारा नियम सांगून उपयोग नाही. ज्यांना जमतं त्यांनी पडवीला जाळी लावून घ्यावी. ते काम नीट करायचं तर थोडं लिहितो, कारण लोक इथे पैसे वाया घालवतात.

कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दोन कुत्री लागली तर ती उसवतात. कुंपणाच्या चेनलिंकची भोकं मोठी, पिल्लू बाहेर जातं आणि साप आत येतो. वेल्डमेश घ्या, म्हणजे तारांचे जोड वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी, एक इंची चौकोन, १२ गेज. दुकानदार स्वस्त पडते म्हणून १६ गेज दाखवेल. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे ठाऊक नसलेले लोक "मोठ्या नंबरची" जाळी घेऊन खूश होतात. खालच्या दोन फुटांना आतून अर्धा इंची जाळीचा दुसरा थर द्या. खाली कोबा असेल तर उत्तम. मातीची जमीन असेल तर जाळी फूटभर पुरा, कुत्री आणि कोल्हे उकरतात. वर पत्रा किंवा जाळी हवीच. सहा-सात फुटी भिंत बिबट्याला काहीच नाही, आणि वर झाड वाकलेलं असेल तर त्याला उडीही मारावी लागत नाही. दाराला नुसता स्टॉपर नको, कडी-कोयंडा घाला. मांजरांना बसायची आतली फळी मध्यभागी लावा, जाळीला चिकटून नको. आणि एवढं करूनही रात्री मांजरं पडवीत ठेवायची नाहीत. जाळी तुटणार नाही, पण पलीकडे बिबट्या बसलेला असताना आत कोंडलेल्या मांजराचं काय होतं ते मी एकदा बघितलंय. अंगावर ओरखडा नव्हता, तरी ते चार दिवस जेवलं नाही.

घराभोवती काय पडलंय तेही बघा. बिबट्या बऱ्याचदा कुत्र्यांसाठी येतो आणि कुत्री उकिरड्यासाठी. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. गाय व्यायली की वार पडते, म्हणजे वासराबरोबरची पिशवी. ती पुरायचा कंटाळा म्हणून लोक उकिरड्यावर टाकतात. त्या रात्री चार वस्त्यांवरची कुत्री तिथे जमतात, आणि दोन-तीन दिवसांत कुणाचं तरी कुत्रं कमी होतं. तुमच्याकडे गाय नाही, पण शेजारी आहेत, कोंबडीची पिसं-आतडी आहेत, रात्रीचं उरलेलं अन्न आहे. तीन फूट खड्डा, वर माती, वर दगड. मांजराची उरलेली ताटलीही अंगणात रात्रभर ठेवू नका. तिच्यावर कुत्री येतात, घुशी येतात, घुशींमागे घोणस येते.

घोणशीचं नाव निघालंच तर. उसात ती पुष्कळ असते आणि मांजराला तिच्याशी खेळायची खोड असते. अचानक सुजलेला पंजा किंवा तोंड, लंगडणं, तोंडातून-नाकातून रक्त, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. माणसाला जे सर्पविषविरोधी इंजेक्शन देतात तेच जनावरांनाही देतात. वेळेत पोचलात तर आशा असते.

तोडणीच्या हंगामात जास्त जपा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. तुमच्या शेजारचं शेत तुटलं की त्यातली जनावरं उरलेल्या उसात सरकतात, म्हणजे कदाचित तुमच्या कुंपणालगतच्या फडात. शेजाऱ्याला तोडणीची तारीख विचारून ठेवा. त्या दिवसापासून आठवडाभर मांजरं दिवसासुद्धा आत ठेवली तर बरं. याच दिवसांत तोडणी कामगारांना उसात पिल्लं सापडतात. त्यातली काही बिबट्याची असतात, काही रानमांजराची आणि काही वाघाटीची. वाघाटी हे जगातलं सगळ्यात लहान रानटी मांजर, पूर्ण वाढ झाली तरी दीड किलोच्या आसपास. तिची पिल्लं इतकी गोजिरवाणी दिसतात की लोक घरी घेऊन येतात, दूध पाजतात आणि मारतात. कुणी तुम्हाला "तुमच्याकडे मांजरं आहेत ना, हे घ्या" म्हणून आणून दिलं तर घेऊ नका. पिल्लं जिथे सापडली तिथेच राहू द्यायची, माणसं हटवायची आणि वनखात्याला १९२६ वर फोन करायचा. पिल्लांना सापडल्या जागी परत ठेवलं की आई रात्री येऊन नेते, हे आपल्या भागात वनखात्याने आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राने कितीतरी वेळा करून दाखवलंय.

तुमच्या मांजराला पिल्लं झाली तर वेगळीच धांदल. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, आणि त्यातली दोन-तीन घरं पत्र्याखाली, कडब्याच्या गंजीत नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर असतात. पिल्लाला बिबट्याच लागतो असं नाही. घार उचलते, घुबड उचलतं, मुंगूस ओढतं, परका बोका मारतो. विण्याआधीच एका अंधाऱ्या खोलीत कॅरेटमध्ये जुनं लुगडं घालून द्या आणि दिवसातून दहा वेळा डोकावू नका, म्हणजे तिला जागा बदलावीशी वाटत नाही. खरं म्हणजे त्याआधीच नसबंदी करून घ्या. पाच-सहा महिन्यांची झाली की करता येते. माजावर आलेली मांजरी रात्री बाहेर पडायला दार खरवडते, आणि बोके तर वासावर दोन-दोन वस्त्या ओलांडून जातात. रात्रीच्या अंधारात ओरडत हिंडणारा बोका म्हणजे बिबट्याला आमंत्रण. शस्त्रक्रियेनंतर त्यांची भटकंती कमी होते, लगेच नाही, काही आठवड्यांत. माझ्या मते जाळीवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा.

आता तुमची घुंगराची शंका. घुंगरू चिमणीला सावध करतं, मांजराला वाचवत नाही. उलट न सुटणारा पट्टा काटेरी तारेत किंवा फांदीत अडकतो आणि मांजर त्यालाच लटकतं. पट्टा घालायचाच तर ताण आला की आपोआप सुटणाऱ्या कडीचा घ्या, चमकणारी पट्टी असलेला, म्हणजे बॅटरीच्या उजेडात तुम्हाला तरी दिसेल. दिव्यांना बिबटे सरावतात. अंगणातला दिवा तुमच्यासाठी लावा, दार उघडण्याआधी बाहेर काय आहे ते बघायला. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारं यंत्र, पिकांसाठी लोक वापरतात, ते नियमात बसवून घेतलेलं असेल तर ठीक. पण घरच्या लाइनची तार कुंपणाला जोडायचा कुणी सल्ला दिला तर त्याला हात जोडा. त्यात बिबट्याआधी माणूस मरतो, आणि तो गुन्हाही आहे. कुत्रा पाळू का, असंही लोक विचारतात. पाळा, पण तोही रात्री आत. बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट.

जखमी मांजराबद्दल लिहितो, कारण इथे लोक प्रेमाने चूक करतात. मागच्या हिवाळ्यात एक आजी मांजर घेऊन आल्या. "एवढुसंच लागलंय डॉक्टर, कुत्र्याने धरलं होतं, मी हळद भरलीय." पाठीवर हळदीचे दोन पिवळे ठिपके, बाकी काही नाही. मी केस कापले तर चार भोकं निघाली. बरगडीवर बोट दाबलं तसं कातडीखाली पापड मोडल्यासारखं चरचरलं. म्हणजे दात छातीपर्यंत गेले होते आणि हवा कातडीखाली शिरली होती. मांजराची कातडी सैल असते. सुळा आत शिरतो, आतलं मांस फाडतो, आणि सोडल्यावर कातडी परत जागेवर येऊन बसते. वरून टाचणीएवढं भोक, आत वाटीएवढी जखम. त्यात हळद दाबली की तोंड बंद होतं आणि तीन-चार दिवसांत पू भरतो. ते मांजर वाचलं, पण बारा दिवस रोज यावं लागलं. म्हणून चावलेल्या मांजराला बाहेरून काहीच दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टॉवेलात गुंडाळा, कॅरेटमध्ये ठेवा, जखमेवर स्वच्छ फडकं ठेवा, बस.

आणि पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. रक्तातला ऑक्सिजन वाहायचा गुण जातो, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी होतात, तोंड सुजतं. जखमेतून वाचलेली मांजरं मी या गोळीने गेलेली बघितली आहेत.

रेबीजची लस मांजरालाही लागते. तिसऱ्या महिन्यात पहिली, मग तुमचे डॉक्टर सांगतील तशी, साधारण वर्षाला. लस झालेली असली तरी कुत्रा, कोल्हा किंवा मुंगूस चावल्यावर पुन्हा डोस द्यावा लागतो. मांजर घाबरलेलं असताना तुम्हालाच चावलं किंवा बोचकारलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. स्वतःच्याच मांजराचा चावा म्हणून सोडून देऊ नका.

मुंबई-ठाण्याकडचे वाचणारे असतील त्यांच्यासाठी दोन ओळी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि आरे, येऊर ही त्याला लागूनच. तिथे इमारतीखालच्या मांजरांना रात्री खायला घालणारी मंडळी आहेत. घाला, पण दिवसाउजेडी, आणि उरलेलं उचला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी आहे ती मांजर पडू नये म्हणून ठीक, तळमजल्याच्या खिडकीला मात्र लोखंडीच लागते.

एक विनंती, आणि ही मांजरापेक्षा महत्त्वाची आहे. रात्री मांजर घरात नाही असं कळलं तर बॅटरी घेऊन उसाच्या बांधावर हाका मारत जाऊ नका. मुलांना तर अजिबात पाठवू नका. माणूस वाकून, खाली बघत, हळू आवाजात बोलवत चालतो तेव्हा तो बिबट्याला माणूस वाटत नाही. आपल्या भागात माणसं, लेकरं गेली आहेत, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. दारात उभं राहून डबा वाजवा, अंगणातला दिवा लावा, आलं तर आलं. नाहीतर सकाळी बघू.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: गेलेल्या बोक्याची नसबंदी झाली होती का? झाली असेल तर मी फार आशा दाखवणार नाही. झाली नसेल तर आठ दिवस म्हणजे काहीच नाही, नव्या गावात आलेला बोका तीन आठवड्यांनी कान फाटून, अर्धा होऊन परत आलेला मी पाहिलाय. आसपासच्या वस्त्यांवर जाऊन विचारून या, गोठ्याचे माळे आणि कडब्याच्या गंजी बघू द्या म्हणा. दुपारी जा, आणि सुकटीचा डबा बरोबर घ्या.